मेंथॉलबंदीला विरोध: हक्काची लढाई की कंपनीचा पैसा?

जर्सीकर
२०१९ साली न्यूयॉर्क शहरात मेंथॉल म्हणजे पुदिन्यासारख्या गार चवीच्या सिगारेटची विक्री बंद करायचा प्रस्ताव आला. आडवं कोण आलं? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे रेव्हरंड अल शार्प्टन यांची नॅशनल ॲक्शन नेटवर्क ही संस्था. म्हणणं असं, की कृष्णवर्णीय मेंथॉलच ओढतात, बंदी आली की चोरटी विक्री सुरू होणार आणि पोलीस पुन्हा त्यांच्याच पोरांच्या मानगुटीवर बसणार. आता या संस्थेला न्यूपोर्ट ही मेंथॉल सिगारेट बनवणाऱ्या रेनॉल्ड्स कंपनीकडून देणग्या मिळतात, हे काही गुपित नाही. मला तरी हा खाल्ल्या मिठाला जागण्याचा प्रकार वाटतो.

तिरपागडा
२०१४ मध्ये स्टेटन आयलंडवर सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी एरिक गार्नर या कृष्णवर्णीयाचा गळा आवळला, त्यात तो गेला. ती भीती कंपनीने विकत घेतलेली नाही. त्याची आईही या बंदीच्या विरोधात बोलली. देणगी घेतली म्हणून मुद्दा खोटा? एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेनेही फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे पैसे घेतले होते. मग त्यांचं सगळं काम कचऱ्यात टाकायचं का?

जर्सीकर
गार्नर गेला तेव्हा मेंथॉलबंदी नव्हतीच! तो कर चुकवलेल्या सिगारेटींचा मामला होता. मग सिगारेटवरचा करही काढा म्हणाल? आणि एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांचीच जुनी संघटना, ती बंदीच्या बाजूने आहे. १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांत मेंथॉलवाले १० टक्क्यांहून कमी होते, आता ८५ टक्क्यांच्या आसपास. ही आवड आभाळातून नाही पडली. बॉस्टनच्या ऑर्चर्ड पार्क वस्तीत मुलांना न्यूपोर्ट फुकट वाटल्याचं २०१० मध्ये ज्यूरीने मान्य केलंय. तेव्हाची मालक कंपनी लोरिलार्ड. पुढे तिला रेनॉल्ड्सनेच घेतलं.

तिरपागडा
फुकट वाटणाऱ्याला फासावर द्या, माझी ना नाही. एफडीएने (अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन) देशभर मेंथॉलबंदीच्या २०२२ च्या प्रस्तावात 'ओढणाऱ्यावर कारवाई नाही' असं म्हटलं होतं, तेही वाचलंय. पण गल्लीतला पोलीस ते वाचून येत नाही.

विडीघरची लेक
मधेच बोलते. माझी आई सोलापुरात विड्या वळायची. पाला भिजवून ठेवायचा, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचा, तंबाखू भरून दोरा बांधायचा. दर हजार विड्यांमागे मजुरी, त्यात कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी कापून. २०१६ ला पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याच्या चित्राचा नियम आला तेव्हा कारखाना बंद ठेवला आणि मुनीम म्हणाला, मोर्चाला चला. फलक आयता हातात दिला. आईला वाचता येत नव्हतं. मजुरी बुडाली ती मात्र तिचीच.

तिरपागडा
हेच तर म्हणतोय मी!

जर्सीकर
नाही, हे मी म्हणतोय. फलक कोणी रंगवून दिला ते विचारायचंच नाही का? असो, तुमच्या मनासारखं झालंय. एफडीएचा तो प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. आज सकाळीच आमच्या गॅस स्टेशनवर गल्ल्यामागे मेंथॉलच्या हिरव्या पाकिटांची अख्खी रांग पाहिली.

तिरपागडा
ताई, फलकावर काय होतं?

विडीघरची लेक
'आमच्या पोटावर पाय देऊ नका.' खाली कारखान्याचं नाव नव्हतं. जाड पुठ्ठा होता, आईने तो नंतर न्हाणीच्या फुटक्या खिडकीला लावला.