मदत हवी आहे: आई-बाबांसोबत अल-उला (सौदी अरेबिया)

नमस्कार मंडळी, सौदीने २०१९ मध्ये पर्यटन व्हिसा सुरू केल्यापासून अल-उलाजवळचं हेग्रा डोक्यात आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला तिथली डोंगरात कोरलेली नबातियन (प्राचीन अरबी लोकांची) थडगी खुणावणारच! दिवाळीनंतर लगेच जायचा बेत आहे. मदिनेला उतरून टॅक्सीने अल-उला गाठावं म्हणतो, अंतर तीनेकशे किमी. आम्ही मुस्लिम नाही, तेव्हा मक्केचा प्रश्नच नाही. पण मदिनेत हरमचा (मशिदीभोवतीचा पवित्र) परिसर सोडून एक रात्र कुणी राहिलंय का? हेग्रात बसने फिरवतात म्हणे, तरी बाबांच्या गुडघ्यांना चढ-उतार कितपत? शुक्रवारी दुपारी जेवायला काही उघडं असतं का?

आणि आईने आत्ताच अनारशांचं पीठ भिजवायच्या गोष्टी सुरू केल्यात. तिकडे खसखशीवर बंदी आहे हे तिला मी सांगेन, पण चकली-शंकरपाळी तरी कस्टमवाले सोडतात ना?