युनियन परळात, मतं राजापुरात

'कोकणात गिरण्याच नव्हत्या, मग समाजवाद्यांना युनियनचा काय उपयोग?' असं कुणी कुणी विचारतं. अहो, गिरण्या नव्हत्या, पण गिरणी कामगार होते की! माणूस परळात, घर राजापुरात, मधे मनीऑर्डर. समाजवाद्यांची कामगार संघटना, हिंद मजदूर सभा, १९४८ची. तिथली चर्चा गणपतीला चाकरमान्यांबरोबर गावात यायची. अर्थात गिरण्यांत अधिकृत मान्यता काँग्रेसवाल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती, हेही खरं.

राजापूरचे समाजवादी खासदार नाथ पै, त्यांच्यानंतर मधु दंडवते १९७१ पासून १९९१ पर्यंत सलग खासदार. १९७४च्या रेल्वे संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना १९७७ नंतर परत घेणारे रेल्वेमंत्रीही तेच. समाजवाद्यांचा पक्ष मात्र फुटत, विलीन होत राहिला. आमच्या आजोबांना त्याचं नाव कधी धड सांगता आलं नाही. निवडणुकीचं चिन्ह 'झोपडी', एवढं पुरायचं.