प्रतिसाद: भाषणांसाठी जाऊच नका

वर्डकॅम्प म्हणजे वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन. तिथली भाषणं नंतर वर्डप्रेस.टीव्हीवर फुकट बघता येतात, मग जायचं कशाला, असं वर कुणीतरी विचारलंय. भाषणांसाठी नाहीच जायचं, ओळखींसाठी जायचं! जिथे कॉन्ट्रिब्युटर डे, म्हणजे सगळ्यांनी बसून वर्डप्रेससाठीच काम करायचा दिवस, असेल तिथे तो आधी गाठा. भाषांतर, सपोर्ट, डॉक्युमेंटेशन अशी टेबलं असतात. मराठी भाषांतराला बसलात तर शेजारचा प्लगइनवाला (वर्डप्रेसची जोड-सॉफ्टवेअरं बनवणारा) तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना बघतो. पुढे त्याच्या गिऱ्हाइकाला वूकॉमर्स या प्लगइनवर ऑनलाइन दुकान उभारणारं कुणी हवं असलं की तुमचं नाव निघतं. पत्रावळी वाढाव्यात तशी व्हिजिटिंग कार्डं वाटणारे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत. प्रायोजकांच्या स्टॉलवर दुपारनंतर जा. सकाळी टी-शर्ट-स्टिकरसाठी झुंबड असते, बोलणार कोण? आणि परतल्यावर लगेच मेल टाका, काय बोलणं झालं होतं ते एका ओळीत लिहून. नुसतं 'भेटून आनंद झाला' नको.