मदत हवी आहे: सिटी बसमधल्या कंडक्टर-ड्रायव्हर आणि प्रवाशांच्या सुरक्षेसाठी निवेदनात नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण एका महापालिकेच्या परिवहन सेवेत कंडक्टर आहे. तिच्या नोकरीचा प्रश्न असल्याने शहराचं नाव लिहीत नाही. मध्यंतरी संध्याकाळच्या गर्दीत दारात लटकलेल्या एकाला तिने "दादा, आत सरका" म्हटलं. त्याने शिवी दिली. तिने गाडी थांबवायला बेल मारली, तर त्याने तिकिटाचं मशीन हिसकायला बघितलं आणि तिला ढकललं. तिचं मनगट चांगलंच दुखावलं. गडबडीत ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि उभ्या असलेल्या एक आजी तोंडावर आपटल्या. तो माणूस उतरून निघून गेला.

पॅनिक बटण दाबलं होतं, पण कुणाचा फोनसुद्धा आला नाही. ड्रायव्हरने गाडी प्रवाशांसकट जवळच्या पोलीस ठाण्यात नेली, तिथे "ही आमची हद्द नाही" हे उत्तर मिळालं. दुसऱ्या ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. डेपोत आधी कॅशचा हिशेब झाला, मग हाताची चौकशी.

आता कर्मचारी आणि रोजचे प्रवासी मिळून परिवहन व्यवस्थापकांना निवेदन देणार आहोत. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्या बैठकीत सगळ्यांचा सूर एकच होता, कॅमेरे लावा आणि बंदोबस्त वाढवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेटला उभ्या शिवशाही एसटीत तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर बसस्थानकांच्या सुरक्षेची तपासणी, कॅमेरे, रखवालदार यांची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण चालत्या सिटी बसमध्ये रखवालदार नसतो. तिथे कुणी मुलीला त्रास देत असेल तर पहिला आवाज कंडक्टरचा चढतो. माझी बहीण हल्ली दारातल्या माणसांना काही बोलतच नाही. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूत दारातून बाजूला व्हायला सांगितलं म्हणून एका कंडक्टरला प्रवाशाने भोसकलं होतं, ती बातमी तिच्या डेपोत आजही निघते.

भांडणं कुठे होतात हे सगळ्यांना पाठ आहे: सुट्टे पैसे, दारातली गर्दी, स्टॉप सोडून थांबवायचा हट्ट आणि शेवटची फेरी. म्हणून मला वाटतं की मागण्याही तिथूनच सुरू व्हाव्यात. दार बंद झाल्याशिवाय गाडी हलणार नाही आणि त्यामुळे उशीर झाला तर कर्मचाऱ्याला मेमो मिळणार नाही, हे लेखी हवं. सुट्ट्यांची कटकट कमी करायला प्रत्येक मशीनवर यूपीआय चालायला हवं. आमच्याकडे निम्म्या वेळा नेटवर्कच नसतं.

पण पॅनिक बटणाचं काय मागायचं? १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी बसगाड्यांना गाडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र आणि हे बटण सक्तीचं झालं. बटण दाबल्यावर पलीकडे कोण बसलेलं असावं, त्याने किती वेळात काय करावं, हे तुमच्या शहरात कुठे लिहून ठेवलंय का? असेल तर तो नमुना मला हवा आहे. पोलिसांच्या बाबतीत काय मागता येईल, तेही सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, मी कामगार संघटनेसाठी कायद्याचं काम बघतो. हद्द नाही म्हणून परत पाठवणं चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. महापालिकेची कर्मचारी लोकसेवक ठरते. तिला कामावर असताना मारहाण झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, दुखापत असेल तर १२१ सुद्धा. साध्या मारहाणीचं ११५ लावलं की प्रकरण एनसीवर थांबतं. प्रत्येक डेपोत कलमांसह तयार तक्रार-नमुना ठेवा आणि ठाण्यात सोबत प्रशासनाचा अधिकारी येईल, अशी मागणी करा.

फुटेज जपून ठेवायचा अर्ज त्याच दिवशी द्या, नाहीतर रेकॉर्डिंगवर दुसरं रेकॉर्डिंग चढतं. कोर्टात फुटेज दाखवायला लागणारं प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली घ्यावं लागतं.

आणखी एक मुद्दा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बसमधल्या महिला कंडक्टरलाही लागू आहे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या लोकांपासूनही सुरक्षितता देणं ही त्यातल्या कलम १९ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. प्रवासी त्यात आलाच. निवेदनात हे कलम वर घ्या.

---

धागाकर्ती:

खूप आभार दादा, हे सगळं मसुद्यात घेते. एक गाठ मात्र सुटत नाहीये. आमच्या बऱ्याच गाड्या भाडेतत्त्वावर आहेत, म्हणजे कंडक्टर महापालिकेची आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा. एकाच गाडीत दोघांना मार बसला तर ड्रायव्हरलाही लोकसेवक म्हणून तेच संरक्षण मिळेल का? त्याच्या उपचारांचा खर्च आणि बुडालेला पगार कुणी द्यायचा, हे कंत्राटात घालून घेतलेलं कुणी पाहिलंय का? त्या दिवशी गाडी ठाण्यात नेणारा ड्रायव्हर कंत्राटीच होता, आणि त्याचा त्या पाळीचा पगार कापला गेलाय.