गावच्या माळावर झाडं लावू की मुलांना माळ दाखवू?

बाई_इंदापूर
नमस्कार. मी इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पाचवी ते सातवी. गावाला लागून मोठा माळ आहे, थोडा वनखात्याचा, थोडा गायरान. १ जुलैपासूनच्या वनमहोत्सवासाठी ग्रामपंचायतीने तिथं वृक्षारोपण ठरवलंय आणि शाळेकडून मुलं मागितलीत. परवा मेंढ्या राखणारे एक पालक येऊन म्हणाले, "बाई, समदा माळ झाडांनी भरल्यावर मेंढरं काय आभाळात चारू?" मला उत्तर सुचेना. मुलांना आणि गावालाही इथल्या प्राण्यापक्ष्यांविषयी काही शिकवावं असं फार मनात आहे, पण शाळेत आलेल्या तक्त्यांवर वाघ, गेंडा आणि पेंग्विन! कुठून सुरुवात करू?

हिरवाई_पुणे
झाडं लावायलाही हरकत असते हे आजच कळलं. ओसाड जमीन हिरवी होतेय, त्यातूनच मुलांना शिकवा की. वड, पिंपळ, कडुनिंब अशी देशी झाडं घ्या आणि मेंढ्या शिरू नयेत म्हणून कुंपण घाला.

सुपेकर
पुणेकर, राग मानू नका, पण तो माळ ओसाड नाही. आमच्याकडे पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, माती वीतभर आणि खाली मुरूम. तिथं वड जगवायला टँकर लागतो, आणि मार्चनंतर टँकर माणसांनाच पुरत नाही. मग उरतं काय, तर गिरिपुष्प, ते बाहेरच्या देशातून आलेलं झाड. त्याला मेंढरू सहसा तोंड लावत नाही. तिथं आपल्या जिवावर येतं ते गवत: पवना, मारवेल, कुसळी. त्याच्यावर मेंढ्या जगतात, चिंकारा, ससे जगतात आणि त्यांच्यामागे खोकड, लांडगा, तरस. आमच्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटर. चिंकारा तेवढ्यात मावतोय होय? तो बाहेर गायरानात, पडीक रानातच चरतो.

बाई, वृक्षारोपणाचे खड्डे बहुतेक मे महिन्यातच जेसीबीने घेतात. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी नेमके त्याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणाल तर चार खडे. अंडी इतकी मातीच्या रंगाची की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून मुलांना उन्हाळ्यात नेलंत तर गाडीवाटेवरूनच चालवा, रांगेत. त्या वाटेवरही भरपूर सापडतं. चिंकारा पुन्हापुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, त्याचा ढीग दाखवा. तरस हाडं खातो म्हणून त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते. पोरं हे जन्मात विसरत नाहीत. गळ्याखाली निळा-केशरी पंखा उघडणारा सरडा एप्रिल-मेमध्ये प्रत्येक उंच दगडावर बसलेला असतो. हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्या दाखवा. हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतात, दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतात. गवत पेटवलं की त्यांचं झोपायचं ठिकाण गेलं. नाकतोड्यांचं ऐकलं की शेतकरी कान देतात, हा माझा अनुभव.

लांडग्याची किंवा खोकडाची बिळं मात्र मुलांना दाखवायची नाहीत. फोटो नाही, जागा कुणाला सांगायची नाही.

गावासाठी शहरातून स्लाइड शो आणू नका. त्या पालकांनाच उभं करा. माझ्या वडिलांच्या मेंढ्या होत्या. माळावर कुठं काय निघतं हे त्यांच्याइतकं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आणि सकाळी अकराचा कार्यक्रम ठेवलात तर खुर्च्यांवर फक्त पुढारी बसतील, बायका रानात असतात. रात्री जेवणं झाल्यावर देवळापुढे बसा. तेही पावसाळ्यातच, कारण दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे, म्हणजे कळपासकट मेंढपाळांची बिऱ्हाडं, कोकणाकडे निघतात आणि माळ सगळ्यात जास्त ठाऊक असलेली माणसं गावात उरत नाहीत.

विषय एकच घ्या: मेलेल्या कोंबड्या. पोल्ट्रीवाले त्या माळावर आणून टाकतात, त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, ती चिंकाऱ्यामागे लागतात आणि लांडग्या-खोकडांना रेबीज, डिस्टेंपर असले कुत्र्यांचे रोग देतात. (पोल्ट्री कुणाच्या मेव्हण्याची आहे ते आधी बघून ठेवा.)

वाड्यावरची_लेक
सुपेकरदादांशी सहमत, फक्त एक भर घालते. मेंढपाळांपुढे "लांडगा वाचवा"ने सुरुवात करू नका. ज्याचं कोकरू काल गेलंय तो उठून जाईल. आधी भरपाईचं बोला. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नसतं, वनखात्याला लगेच कळवायचं असतं, आणि वाडा दुसऱ्या तालुक्यात असला तर कुणाला फोन करायचा हेच ठाऊक नसतं. वनरक्षकांना बोलवा आणि सगळ्यांदेखत एक अर्ज भरून दाखवायला सांगा. तेवढं झालं की माणसं आपणहून बोलायला लागतात. आमचा आजा म्हणायचा, लांडगा एक उचलून जातो, कुत्री वाघर (मेंढ्यांभोवतीची जाळी) तोडून शिरली तर दहा फाडून ठेवतात.

बाई_इंदापूर
दोघांचेही आभार. कोंबड्यांचं वाचून हसू आलं, कारण मेव्हणा नाही, सरपंचांचा सख्खा भाऊच आहे. आता सरपंचांना काय सांगू? त्यांना वनमहोत्सवाचा फोटो तर पाठवावाच लागणार.

सुपेकर
फोटो द्या की! झाडं शाळेच्या कुंपणाला, ओढ्याकाठी, स्मशानभूमीत लावा, करंज, कडुनिंब. तिथं पाणी घालणारं कुणीतरी असतं. माळ तेवढा सोडा. कोंबड्यांचं भावाला सभेत बोलू नका, घरी जाऊन बोला. खड्डा घेऊन चुना टाकून पुरायला फारसा खर्च येत नाही.

अजून एक काम करा. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावची नोंदवही बहुधा कपाटात असेल. मागून घ्या. आमच्याकडच्या वहीत पानभर झाडं होती आणि माळावरच्या एकाही गवताचं नाव नव्हतं. सातवीच्या मुलांना ती घेऊन त्या पालकांकडे पाठवा, ते सांगतील तसं लिहून घेऊ द्या: कुठलं गवत मेंढ्या आधी खातात, कुठलं दुष्काळात टिकतं, कुठला पक्षी कधी दिसतो. मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांनाच वाचू द्या आणि त्याच सभेत माळ न पेटवण्याचा ठराव मांडा.

आणि वनखात्याच्या हद्दीत मुलं न्यायच्या आधी वनरक्षकाला विचारा. लेखी विचारा.