इललीगल पिचवर बॅटर कॅच आऊट झाला तर आऊट की बॉल?

जळगावकर_जर्सीत: मंडळी, मी इथे न्यू जर्सीत पन्नाशीवरच्या स्लो-पिच लीगमध्ये यंदा पहिल्यांदाच पिचिंग करतोय. शाळेत जळगावला सॉफ्टबॉल खेळलोय पण तो फास्ट पिच, त्यामुळे हे हळू टाकणं काही केल्या हाताला बसत नाहीये. रविवारी अंपायर दोनदा 'इललीगल' ओरडला. मला वाटलं आर्क (बॉलच्या कमानीची उंची) कमी पडला, पण तो म्हणे उंची ठीक आहे, तू थांबलाच नाहीस! थांबायचं म्हणजे नक्की काय? त्यात दुसऱ्या वेळी बॅटरने बॅट फिरवली, शॉर्टस्टॉपने कॅच घेतला आणि अंपायरने आऊट दिला. समोरची टीम म्हणते इललीगल आहे तर 'बॉल' (स्ट्राइकच्या उलट, बॅटरच्या बाजूची मोजणी) द्या. मग काय, दहा मिनिटं नुसती वादावादी.

तिसराबेस: आऊटच. बॅटरने बॅट फिरवली नसती तर बॉल मिळाला असता (तेव्हाही रनर जागचे हलत नाहीत), पण एकदा फिरवली की इललीगल विसरायचं, जे झालं ते झालं. ओरडा ऐकून मोह आवरायचा होता त्याने 😄

थांबणं म्हणजे हात फिरवायच्या आधी बॉल समोर धरून किमान एक सेकंद पूर्ण स्तब्ध. फास्ट पिचवाल्यांची घाई तिथेच नडते. आणि वेगही बेताचाच हवा, तो अंपायर नजरेने ठरवतो.

गुडघे_दुखीवाला: तुमची लीग सीनियर सॉफ्टबॉल यूएसएच्या नियमांवर चालते का ते आधी विचार, कारण प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. त्यांच्यात आर्क जमिनीपासून ६ ते १२ फूट, आणि पिचर होम प्लेटपासून ५० फुटांवरच्या रबरला (पिचरने पाय ठेवायची पट्टी) चिकटून राहायला बांधलेला नाही, मागे ६ फुटांचा बॉक्स असतो त्यात कुठूनही टाक, फक्त बॉल सुटेपर्यंत पिव्हट पाय (ज्यावर जोर देऊन टाकतो तो) आतच हवा. मी तर पार मागूनच टाकतो. आपल्या वयात सरळ अंगावर आलेला फटका चुकवायला तेवढंच अंतर कामी येतं, मागच्या वर्षी नडगीवर खाल्लाय म्हणून सांगतो. आणि प्लेटमागे मॅट असेल तर लीगल पिच मॅटवर पडला की स्ट्राइक, बॅटरच्या गुडघा-खांद्यामधून गेला का ते काही बघत नाहीत.

जळगावकर_जर्सीत: अरे मॅट आहे आमच्याकडे! आणि मी बापडा अजून बॅटरच्या गुडघ्याकडे बघून टाकतोय. आज संध्याकाळी बॅकयार्डात सहा फुटांवर दोरी बांधतो, बायको कपडे वाळत घालायच्या आत.