प्लेटमधल्या पेशी वाचल्या, पुढे?

जांभळी_शाई: परवा एका विद्यार्थिनीची ९६ खान्यांची, पेशी वाढवायची प्लेट बघत होते. यकृताच्या पेशी, आधी अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशनची इजा रोखणारा) म्हणून कोकमाच्या सालीचा अर्क, मग इजा करायला हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा. अर्क दिलेल्या खान्यांत एमटीटी हे पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारं रंगद्रव्य गडद जांभळं, म्हणजे पेशी जिवंत. पोरगी खूश! मग कडेच्या रांगेकडे लक्ष गेलं. तिथे पेशी नव्हत्याच, नुसता अर्क आणि एमटीटी. तीही रांग जांभळी. पिवळ्या एमटीटीला जांभळं करणं हे जिवंत पेशीचं काम, ते अर्कानेच परस्पर उरकलं होतं. वर अर्कातले पॉलिफेनॉल (वनस्पतींतले अँटिऑक्सिडंट) मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन पेरॉक्साइड तयार करतात, ते वेगळंच. एवढ्यावर 'अर्क गुणकारी' असं प्रबंधात लिहायला बंदी हवी.

चिंचोका: बंदी कसली? अर्क धुऊन काढा, मग पेरॉक्साइड, मग एमटीटी. कंट्रोल, म्हणजे तुलनेचे खाने, नीट लावला नाही तर चूक गाइडची, कोकमाची नाही. आणि अर्काने पेशीला किंचित डिवचणं हाच तर खरा फायदा असू शकतो. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन कीप-१ या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्याने धरून ठेवलेलं एनआरएफ-२ हे संरक्षक जनुकं चालू करणारं प्रथिन सुटतं आणि पेशी स्वतःचं ग्लुटाथायोन, म्हणजे घरचं अँटिऑक्सिडंट, वाढवते. हे कळलं ते प्लेटमध्येच ना?

जांभळी_शाई: कळलं, मान्य. पण मात्रा बघा. प्लेटमध्ये आपण हळदीतलं कर्क्युमिन २०-५० मायक्रोमोलर (द्रवातल्या प्रमाणाचं एकक) सहज ओततो. तैवानमधल्या २००१ च्या चाचणीत रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तात सरासरी २ मायक्रोमोलरपर्यंतही गेलं नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरा, ८ ग्रॅमसाठी रोज पावशेराहून जास्त हळद फाकावी लागेल.

गावठी: फिनलंडमधल्या २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची चाचणी आठवा, १९९४. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. तोही अँटिऑक्सिडंटच होता.

चिंचोका: ती कृत्रिम गोळी होती, एकच रेणू. अर्कात पन्नास घटक असतात. तुलना चुकतेय.

गावठी: पन्नास घटक म्हणजे पन्नास अज्ञात. तुमच्याच विरोधात जातंय हे.

कढीलिंब: तुम्ही सगळे पेशीतच अडकलात. मी खाद्यपदार्थांत काम करतो. युरोपात रोझमेरीचा अर्क ई ३९२ म्हणून मांसाच्या पदार्थांत घालतात, चरबी खवट होऊ नये म्हणून. आमची आजी लोणी कढवताना विड्याचं पान टाकायची, तेही टिकण्यासाठीच. तिथे रक्तात किती पोचलं हा प्रश्नच नाही.

जांभळी_शाई: कढीलिंब, तुपाला यकृत नसतं, म्हणून तुमचं सोपं.
ता.क. चिंचोका, तुम्ही म्हणालात तसं धुऊन प्लेट पुन्हा लावली. अर्क दिलेल्या आणि न दिलेल्या खान्यांतला फरक निम्म्यावर आला, पण गेला नाही. पोरगी आता कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं विकर, घालून बघतेय.